मूसाच्या गावाची वही

जिन्यात मूसा भेटला की पाच मिनिटं मोडलीच म्हणून समजा. "गुरुजी, घरी शांती? काकू शांतीत? मुलगी शांतीत? गाय शांतीत?" आमच्याकडे गाय नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण त्याच्या माली देशात गाईगुरांची चौकशी न करणारा माणूस उद्धट ठरतो म्हणे. उत्तरही ठरलेलं: शांतीच. घराला आग लागलेली असली तरी आधी शांती म्हणायचं, आगीचं मागाहून.

पश्चिम आफ्रिकेतल्या त्या देशातून तो गंगापूर रोडच्या एका कॉलेजात फार्मसी शिकायला आला आणि पंचवटीत आमच्या वरच्या खोलीत चार वर्षं राहिला. रविवारी मी मिसळ खायला बसलो की दारातूनच ओरडायचा, "कडधान्य खाणारे लोक! तुम्ही आमचे नोकर!" पहिल्यांदा मी भडकलोच. तेव्हा म्हणाला, "आमच्याकडे ज्याची थट्टा चालते ना, त्याच्यावर हात नाही उचलत. आजोबांच्या आजोबांपासूनचा कायदा. मी तुम्हाला सेफ केलं, गुरुजी." पोरगा लाघवी होता. माझी बायको तर माझ्याआधी त्याला वाढायची.

तिसऱ्या वर्षी एका सकाळी त्याने सगळ्यांची शांती विचारली आणि मग सांगितलं. बाजाराच्या दिवशी मोटरसायकलींवरून बंदूकवाले गावात आले, घरं पेटवली, बारा पुरुषांना घेऊन गेले. त्यांत त्याचे वडील. सैन्य म्हणे बंडखोरांनी नेलं, बंडखोर म्हणत सैन्याने. वर सरकार म्हणे, असं काही घडलंच नाही. गावाच्या साऱ्या पिढ्या तोंडपाठ असलेला म्हातारा तर तिथेच मारला गेला. "बंदूक आली ना गुरुजी, की थट्टा संपते," एवढंच तो म्हणाला आणि कॉलेजला गेला.

आम्ही क्षेत्राचे उपाध्ये. यात्रेकरूंच्या घराण्यांची नामावळी पिढ्यान्‌पिढ्या आमच्या वह्यांत असते. त्याच आठवड्यात निफाडचं एक कुटुंब आलं. मी वही काढून त्यांच्या खापरपणजोबांचं नाव वाचून दाखवलं. मूसा कोपऱ्यात बसून ऐकत होता. मंडळी गेल्यावर म्हणाला, "माझ्या गावाची वही करा."

"अरे, ही यजमानांची वही. क्षेत्री आल्याशिवाय नाव चढत नाही."

"मी आलो ना क्षेत्री."

आतून बायको म्हणाली, "अहो, द्या की लिहून. शाईच जाईल ना थोडी?"

नवी कोरी वही घेतली. तिकडची एक वकीलबाई बेपत्ता माणसांची माहिती गोळा करत होती: नाव, बापाचं नाव, शेवटचं कुणी पाहिलं. मूसा गाव सोडून पळालेल्यांच्या छावण्यांमध्ये फोन लावून एकेकाला विचारायचा, मी लिहायचो, तो खाली फ्रेंचमध्ये उतरवायचा. बारा नावं झाल्यावर त्याने पानावर बोट ठेवलं. "प्रत्येक नावाच्या आधी हे काय आहे?"

मी पाहिलं. 'कै.' कैलासवासी. आयुष्यभराच्या सवयीने हात आपोआप लिहीत गेला होता.

अर्थ सांगावाच लागला. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, माझा बाप मेला असं कोणी सांगितलं तुम्हाला?"

नामावळीत खाडाखोड करायची नाही, हा आमच्या घराण्याचा नियम. त्या दुपारी मी बारा वेळा खोडलं आणि बारा वेळा शेजारी सही केली. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

शेवटची परीक्षा संपल्यावर तो मायदेशी निघाला. वकीलबाईच्या खटपटीने त्या बारा जणांची चौकशी होणार होती, त्याला साक्ष द्यायची होती. मी हात जोडून सांगितलं, जाऊ नकोस. "मी नाही गेलो तर कागद बोलणार कसा?" म्हणाला. नाशिक रोड स्टेशनवर गाडी हलेपर्यंत हसत होता. त्याची इतकी आठवण येते, की जिन्यात पाऊल वाजलं तरी मी मान वर करतो.

पोहोचल्याचा एक मेसेज आला, मग फोन बंद. दोन महिन्यांनी त्या वकीलबाईंचं पत्र आलं. मूसा त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. पुढे लिहिलं होतं: यादीसाठी त्याचं नाव, बापाचं नाव आणि तुम्ही त्याला शेवटचं कधी पाहिलं, ते कळवा.

मी वही उघडली. तेरावं नाव लिहिलं. कागदाच्या अगदी कडेपासून सुरुवात केली. त्या नावाआधी कधी कुणाला काही लिहायला जागाच ठेवली नाही.