तिव्याचे तीन दिवस

लग्नानंतर आईनं मला तांबडी गाय दिली, तेव्हा सोबत दावं दिलं आणि एक बांबूचा नळाही दिला. जनावराच्या तोंडाला लागू नये म्हणून त्याचं तिरपं टोक तिनं घासून गुळगुळीत केलं होतं. "ढोर बसलं का ह्याच्यानं काढा पाजजो," ती म्हणाली. "कोनाची वाट पाहू नको."

भंडाऱ्याकडचं गाव सोडून आम्ही गाईसकट भिलाईला आलो, तेव्हा पोलादाचा प्लांट अजून उभा राहत होता. नवरा तिथे खलाशी, म्हणजे दोरखंडानं लोखंडी तुळया वर चढवणारा मजूर. आमच्या झोपडीमागे खोदकामाचे खड्डे होते आणि पावसाचं पाणी साचून त्यांचा नुसता चिखल झाला होता. दिवस कलला की त्यातून चिलटं उठायची. मोहरीहून बारीक, मच्छरदानीच्या भोकातूनही आत येणारी. डास निदान कानाशी गुणगुणून वर्दी तरी देतो. ही मेली गुपचूप चावत आणि मग अंगाची नुसती आग. मी कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करायची, पण गाय शेपटी आपटून आपटून थकून जायची.

त्या भादव्यात एका सकाळी ती उभीच राहीना. अंग तापलेलं, एक पाय आखडलेला, तोंडातून लाळ गळत होती. रातपाळी करून आलेला नवरा म्हणाला, "तिवा दिसते, तीन दिवसाचा ताप. मी दुर्गवरून डॉक्टरले घेऊन येतो. तवरक काही देऊ नको." आणि तसाच सायकल काढून गेला.

काही देऊ नको! माझ्या आईची गाय, आणि मी हातावर हात ठेवून बसू? ओवा, सुंठ, गूळ उकळून मी काढा केला. शेजारणीनं गाईची मान वर धरली, मी नळा तिच्या गालात घातला. पहिल्या घोटालाच ती खोकली आणि काढा बाहेर आला. मला वाटलं, नखरे करते. मी चिडले, मान आणखी वर धरायला सांगितली आणि अख्खा नळा रिकामा केला.

दुपारी डॉक्टर आला तोवर तिच्या छातीत घरघर सुरू झाली होती. नळा बघताच त्यानं कपाळाला हात लावला. "बाई, इस बुखार में गला काम नहीं करता. दवा फेफड़ों में चली गई. कुछ न देतीं तो तीसरे दिन अपने आप उठ जाती." मी पाजलेला काढा पोटात न जाता तिच्या फुप्फुसात उतरला होता. हा ताप चिलटांच्या चावण्यानं येतो, हेही त्यानंच सांगितलं.

तिसऱ्या दिवशी गाय गेली. ज्या दिवशी उठायची, त्याच दिवशी. नवरा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर मला बरं वाटलं असतं.

दिवाळीनंतर आई आली. रिकाम्या खुंट्यापाशी उभी राहून तिनं विचारलं, "कायनं गेली?"

"चिलटं चावली. तिवा झाला."

"नळ्यानं काढा पाजला होता ना?"

"हो."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "मंग तुह्याकडून काही कमी नाही पडलं, बाई."

तिनंही जन्मभर कितीतरी ढोरांना तसंच पाजलं होतं. डॉक्टर काय म्हणाला, ते मी तिला सांगितलं नाही. परत जायच्या दिवशी तिनं तो नळा धुतला, पदरानं पुसला आणि पुढच्या गाईसाठी छपरात खोचून ठेवला.