हात कुठवर पोहोचतो

निवृत्तीनंतर वेळ कसा जातो असं कुणी विचारलं, की आक्का सांगायची, "रोबो करते." विचारणारा मग एकदा तिच्या पांढऱ्या केसांकडे बघायचा, एकदा तिच्या चपलांकडे बघायचा आणि विषय बदलायचा. आक्का काही थापा मारत नव्हती. तिच्या बाहेरच्या खोलीतल्या फळीवर गाड्यांचे दरवाजे जोडणारे, पोती रचणारे, रंग फवारणारे असे कारखान्यातले रोबो ओळीनं उभे होते. सगळे वीतभर उंचीचे आणि सगळे कागदाचे.

माणसासारखं डोकं, लुकलुकणारे डोळे असले लाड तिला अजिबात मान्य नव्हते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलं होतं की याला तोंड का नाही. त्याला काम करायचंय, गप्पा नाही मारायच्या, असं आक्कानं तिथल्या तिथे सुनावलं. कारखान्यातला रोबो म्हणजे नुसता एक हात असतो. जमिनीत रोवलेला बुंधा, त्यावर गोल फिरणारी कंबर, मग खांदा, कोपर आणि मनगट. यातला प्रत्येक सांधा आक्काच्या कागदी रोबोतही फिरायचा. तोही खिळा नाही, तार नाही, कागदाच्याच घट्ट गुंडाळलेल्या नळीवर. पट्टी लावून मोजलं तर खऱ्या यंत्राच्या मापात केसाचाही फरक सापडायचा नाही, आणि सापडला तर तो रोबो त्याच संध्याकाळी रद्दीत जायचा.

ही विद्या तिनं कुठल्या वर्गात जाऊन घेतलेली नव्हती. खोक्यांच्या कारखान्यात तिची सगळी नोकरी झाली होती. औषधाच्या बाटलीपासून टेबलफॅनपर्यंत कशाचंही खोकं असो, सपाट पुठ्ठा कुठे कापायचा, कुठे दुमडायचा, चिकटवायला कान कुठे ठेवायचे, हे तीच ठरवायची. इतकी वर्षं हेच केल्यावर कुठलीही वस्तू दिसली की ती मनातल्या मनात उलगडून सपाट करायची तिला सवयच लागली होती. बसमध्ये पुढे बसलेल्या माणसाच्या डोक्यालाही कान कुठे येतील याचा हिशोब ती करत बसायची, आणि त्याला आधीच दोन आहेत हे नंतर तिच्या लक्षात यायचं.

आक्कानं लग्न केलं नाही. आईवडील लवकर गेले आणि धाकटा भाऊ तिच्या पदरात पडला. तो शिकला, नोकरीला लागला, त्याचं लग्न झालं, टक्कल पडलं, पण आक्काच्या लेखी तो अजून रस्ता ओलांडताना बोट धरायच्या वयाचाच होता. तो बायकोबरोबर वरच्या मजल्यावर राहायचा. त्याच्या पावलांच्या आवाजावरून त्याचा दिवस कसा गेला ते आक्काला खाली बसून कळायचं. त्याचं जुनं वर्कशॉप बंद पडल्यावर तो बरेच महिने घरी होता. तेव्हा ती पावलं फार हळू झाली होती. मग त्याला स्वयंपाकघरातली स्टीलची सिंक बनवणाऱ्या कारखान्यात काम मिळालं आणि घराला जरा हुशारी आली.

तिथे एक रोबो आहे, हे त्यानं पहिल्याच दिवशी बोलता बोलता सांगितलं आणि तो फसला. आक्का हात धुऊन त्याच्या मागे लागली. कुठल्या जातीचा, केवढा, काय उचलतो? पत्रा दाबणाऱ्या प्रेसमधून निघालेलं सिंक उचलायचं आणि वळून सरकत्या पट्ट्यावर ठेवायचं, हे त्या यंत्राचं काम. पट्ट्याच्या टोकाशी भाऊ उभा. सिंक तपासायचं आणि घोड्यावर, म्हणजे लोखंडी मांडणीवर, रचायचं, हे त्याचं काम. यंत्र त्याच्या पाठीमागे, मध्ये तारेची जाळी. आक्काच्या कटकटीला कंटाळून त्यानं शेवटी यंत्राचं माहितीपत्रक आणून दिलं आणि जाळीतून मोबाइलवर फोटोही काढून आणले. प्रत्येक बाजूनं काढ, उगाच एक काढून येऊ नकोस, अशी ताकीद मिळालीच होती.

हा रोबो करताना आक्काचा हात नेहमीपेक्षा सावकाश चालला. आपल्या माणसाच्या शेजारचं यंत्र होतं ना. खांद्याचं फुगीर झाकण तिनं तीनदा कापलं, तीनदा फेकलं. काम संपत आलं तेव्हा भावजय वरून चहा घेऊन आली. तिनं रोबो निरखला आणि थट्टेनं म्हणाली की आता यांनाही उभं करा शेजारी, पोटासकट. आक्काला ती कल्पना एकदम पटली. तिनं त्याच मापात कागदाचा भाऊ केला, पोटाला जरा जास्तच गोलाई दिली. फरशीच्या लाद्या मोजून तो नेमका कुठे उभा राहतो हे त्यालाच विचारून घेतलं आणि पुठ्ठ्यावर त्याला त्याच्या जागी उभं केलं. जाळी तेवढी केली नाही, नाहीतर भावजयीला काही दिसलं नसतं.

दुसऱ्या दिवशी भावजय खाली आली तेव्हा यंत्र कसं फिरतं ते दाखवायला आक्कानं कंबर हळूच बोटानं फिरवली. हात प्रेसकडून पट्ट्याकडे आला. माहितीपत्रकात लिहिलं होतं की कंबर जवळजवळ पूर्ण गोल फिरते, म्हणून तिनं ती आणखी फिरवली. कागदी हात सरकत सरकत पट्ट्याच्या पलीकडे भावाच्या पाठीपर्यंत गेला आणि कागदी भाऊ आडवा झाला.

भावजय खो खो हसली. आक्का हसली नाही. तिनं त्याला उचलून पुन्हा उभं केलं, लाद्या पुन्हा मोजल्या, हाताची लांबी पुन्हा ताडून पाहिली आणि पुन्हा कंबर फिरवली. तो पुन्हा आडवा झाला.

संध्याकाळी तिनं भावाला खाली बोलावलं आणि सगळं दाखवलं. त्यानं आधी ते हसण्यावारी नेलं. कागदाचं काय घेऊन बसलीस, म्हणाला. कागद असला तरी माप खरं आहे, असं आक्का म्हणाली. मध्ये जाळी आहे की, तो म्हणाला. माणसाच्या दुप्पट वजन उचलणारा हात जाळीची परवानगी काढणार आहे का, असं आक्कानं विचारलं. उद्याच जाऊन कुणाला तरी विचार, म्हणून तिनं धोशा लावला तेव्हा मात्र तो भडकला. नवा माणूस, त्यात या वयाचा, आणि यंत्र मला मारेल का म्हणून विचारत फिरू? पोरंसोरं टिंगल करतील. चहा तसाच टाकून तो वर निघून गेला.

त्यानंतर आक्काला चैन पडेना. सकाळी तो निघाला की तिच्या मनात कंबर फिरायला लागायची. संध्याकाळी जिन्यावर त्याची पावलं ऐकू येईपर्यंत ती कटर हातात धरून नुसतीच बसायची. तो आला की तिला बरं वाटायचं आणि लगेच दुसऱ्या दिवसाची धास्ती सुरू व्हायची. शेवटी एका दुपारी तिनं पुठ्ठ्यासकट रोबो चपलांच्या खोक्यात ठेवला, वर कागदी भाऊ आडवा ठेवला आणि जेवणाच्या सुट्टीच्या वेळेला थेट कारखान्याचं फाटक गाठलं.

खोक्यात काय आहे, असं वॉचमननं विचारलं. आक्का म्हणाली, रोबो. त्यानं झाकण उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि सुपरवायझरला फोन लावला. भाऊ धावतच आला. घरी काही झालं की काय म्हणून त्याचा चेहरा उतरला होता. खोकं बघितल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. तोवर सुपरवायझर आणि डबा खाणारे चारसहा जण गोळा झाले होते. सगळ्यांत शेवटी यंत्रांचा मेकॅनिक आला. जेवण मोडल्यामुळे त्याच्या कपाळावर आठी होती, आणि डब्याचं झाकण अजून हातातच होतं.

आक्कानं तिथल्याच एका टेबलावर पुठ्ठा मांडला आणि कंबर फिरवली. कागदी भाऊ पडला. दोघंतिघं फिदीफिदी हसले. भाऊ जमिनीकडे बघत उभा राहिला. मेकॅनिकनं मात्र झाकण खाली ठेवलं, चष्मा लावला आणि वाकून रोबोचा बुंधा निरखला. माप कुठून घेतलं, विचारलं. माहितीपत्रकातून, असं कळल्यावर त्यानं मान डोलावली आणि तो म्हणाला, "मावशी, चला, आत दाखवतो."

यंत्र बंदच होतं. त्यानं जाळीच्या दाराचं कुलूप काढलं आणि आक्काला बुंध्यापाशी वाकायला सांगितलं. भाऊही मागोमाग आत आला. बुंध्याच्या कडेला मुठीएवढा एक लोखंडी ठोकळा जाड बोल्टांनी आवळून बसवलेला होता.

"हा ठोकळा आहे म्हणून कंबर या बाजूला वळतच नाही," मेकॅनिक म्हणाला. "आतलं डोकं बिघडू दे, नाहीतर आणखी काही होऊ दे. लोखंड लोखंडावर आपटणार आणि हात तिथेच अडणार. माणूस कुठे उभा राहणार ते बघून बसवतानाच घालतात हा. माहितीपत्रकात कसा असेल?"

आक्कानं तो ठोकळा ओळखला. तो प्रत्येक फोटोत होता. बसवणाऱ्यांनी काहीतरी तसंच सोडून दिलंय असं समजून तिनंच तो गाळला होता. गुळगुळीत खोकी करण्यात जन्म गेलेल्या बाईला असलं टेंगूळ खपणार कसं? एवढं मोजूनमापून केलं, आणि भावाला वाचवणारा तुकडा तेवढा घाण म्हणून सोडून दिला. दुसऱ्या कुठल्याही वेळी या चुकीनं तिला महिनाभर छळलं असतं. त्या क्षणी मात्र तिला या चुकीएवढी गोड चूक दुसरी वाटेना. तिनं ठोकळ्यावर हात ठेवला. तो गार होता आणि जरासुद्धा हलत नव्हता. आक्काचा जीव भांड्यात पडला. शेजारच्या उपड्या क्रेटवर बसून ती आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

भाऊ खाली वाकला. त्यानंही ठोकळ्यावर तळवा ठेवला आणि तो तसाच ठेवून खालच्या आवाजात मेकॅनिकला विचारलं, "म्हणजे मागे बघायला नको?"

"कशाला बघायचंय?" मेकॅनिक म्हणाला. "तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं? मला वाटलं, सांगितलं असेल कुणीतरी."

मेकॅनिक उरलेला डबा खायला निघून गेला तरी भाऊ उठला नाही. आक्काकडे न बघताच तो म्हणाला, "मी रोज बघतो गं. एक सिंक ठेवलं की मागे बघतो, दुसरं ठेवलं की मागे बघतो. पाठीवर काहीतरी येतंय असंच वाटत राहतं. तू ते कागदाचं दाखवलंस ना, तेव्हा मला वाटलं, झालं, आता खरंच ठरलं."

चारचौघांत तोंडघशी पाडल्याबद्दल तो काही बोललाच तर त्याला काय काय सुनवायचं, ते आक्कानं बसमध्येच जुळवून ठेवलं होतं. त्यातला एक शब्दही तिला आठवला नाही. इतके दिवस आपण एकट्याच घाबरलोय असं तिला वाटत होतं, आणि हा वरच्या मजल्यावर तीच भीती उशाशी घेऊन निजत होता. तिला त्याची फार माया आली. तिनं त्याच्या टकलावरून हात फिरवला. लोक बघत होते, पण तो मागे सरकला नाही.

सुट्टी संपल्याचा भोंगा झाला. सुपरवायझरनं आक्काला पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभं राहून थोडा वेळ बघायची परवानगी दिली. जाळीला कुलूप लागलं, दिवा हिरवा झाला आणि यंत्राचा हात सुस्कारा टाकून उठला. त्यानं प्रेसमधून सिंक उचललं, कमरेतून वळला आणि पट्ट्यावर ठेवलं. भावानं ते उचलून उजेडात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला आणि घोड्यावर रचलं. त्याच्या पाठीमागे हात पुन्हा वळत होता. भावानं दुसरं सिंक उचललं, मग तिसरं, मग चौथं. त्यानं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.