मिरच्यांची सतरंजी
चाळीच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडल्या, की त्यांच्या झोंबऱ्या वासाने मला माझी निळी सतरंजी आठवते. गिरगावात लग्न होऊन आले, त्याला जेमतेम महिना झाला होता. रोज सकाळी गच्चीवर त्या सतरंजीवर मी आसनं करायचे. एक दिवस वर गेले, तर सासूबाईंनी तिच्यावर मसाल्याच्या मिरच्या पसरल्या होत्या. "हातपाय ताणत बसण्यापेक्षा देठं काढ," त्या शेजारणीसमोर म्हणाल्या. शेजारीण हसली. मी देठं काढली; रात्रीपर्यंत बोटांची आग होत होती. सतरंजी न धुताच घडी करून माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवसापासून दूध तापेपर्यंत ओट्यापाशी एका पायावर उभी राहू लागले. पोटुशी असताना नुसता प्राणायाम केला, नोकरी लागल्यावर दहा मिनिटं चोरली, पण त्यांच्या नाकावर टिच्चून एकही दिवस चुकवला नाही. आता त्यांचे गुडघे धरलेत. परवा म्हणाल्या, "मलाही शिकव गं." मी माळ्यावरून तीच सतरंजी काढून अंथरली. त्यांना शिंकांवर शिंका आल्या. आता रोज पाय उचलून धरतात आणि कळवळून विचारतात, "झाले का गं दहा?" आकडे मी मोजते. "पाचच झालेत, आई."