लाठी शिकवणारे मास्तर

कल्याणला शाळेच्या मैदानात आम्हा मुलींना लाठी आणि सुऱ्यापासून बचाव शिकवायला एक मास्तर येत. एरवी ते जकात नाक्यावर शिपाई होते. धोतराचा काचा मारून, लाकडी सुरा उगारून ते दरवेळी सांगत, "पोरींनो, सुऱ्याकडे नाही, खांद्याकडे बघा. हाताच्या आधी खांदा हलतो." कुणी चुकलं तर रागावत नसत. तोच वार पुन्हा करत, पण हळू.

एका संध्याकाळी त्यांची लग्न झालेली लेक फाटकाशी येऊन उभी राहिली. ओठ फुटलेला, काखेत बोचकं.

"बाबा, मी डोंबिवलीला परत जायची नाही."

मास्तरांनी तिचं बोचकं उचललं. "चल, अंधार पडायच्या आत पोचवतो तुला. जावईबापूंशी मी बोलतो."

मला राहवलं नाही. "मास्तर, हिला नाही का शिकवलंत?"

ते खरोखरच चकित झाले. "अगं, नवऱ्यावर हात उचलायला शिकवू?"

लेक त्यांच्यामागून गेली.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर हजर. आम्ही रांगेत उभ्या राहून ते सांगतील तशा लाठ्या फिरवल्या. तिचं काय झालं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.