हिल्डाआत्या आणि माझं वजन

अल्बर्ट गॉन्ट कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नसे. रेडिओने ऊन सांगितलं की हा छत्री घेऊन निघे. नवा पाना आणला की त्यावर कोरलेलं माप खरं आहे का, हे आधी मोजून बघे. फक्त एका बाबतीत त्याने सात वर्षं डोळे मिटून विश्वास ठेवला, आणि नेमकं तिथेच मी त्याला फसवलं.

मी मेव्हिस. थ्रॉपडेलच्या चढावर माझी बेकरी आहे आणि समोर अल्बर्टचं घर. आठवडाभर हा माणूस आमच्या यॉर्कशरमधल्या लोकांचे तुंबलेले पाइप मोकळे करी आणि सुट्टीला शर्यतीत मोटारसायकलला जोडलेली साइडकार पळवी. चालवायचा तो. साइडकारमध्ये असायची मी. साइडकार म्हणजे बसायची गादी-बिदी काही नाही हां! एक फळी, दोन मुठी, आणि डाव्या वळणावर बूड जमिनीपासून चार बोटांवर. मी बाहेर झोकून दिलं नाही तर गाडी उलटणार, एवढी साधी नोकरी. शर्यतीच्या दिवशी दोघांच्याही अंगाला एरंडेलाचा वास मारायचा, कारण ही जुनी इंजिनं एरंडेलावरच खूश असतात. लहानपणी मला नाक दाबून पाजलेलं सगळं एरंडेल त्या मैदानावर परत भेटलं.

इंजिन निवडलं तेव्हा मी हजर होते. एका विधवा शेतकरणीच्या कोठारात एका सिलिंडरची तीन जुनी इंजिनं पडली होती. दोन चकचकीत, तिसऱ्यावर कोंबड्या बसलेल्या. अल्बर्टने तिन्हींचे प्लग काढले, भोकावर अंगठा दाबून एकेक इंजिन हाताने फिरवलं, वाकून कान लावला, पिस्टनचा दांडा हलवून बघितला. यात दुपार गेली. शेतकरीणबाई दोनदा चहा करून कंटाळली. शेवटी त्याने कोंबड्या हाकलल्या आणि म्हणाला, "हेच. याला घाई नाही."

"शर्यतीच्या गाडीला घाई नसलेलं इंजिन?" मी विचारलं.

"पोरी, आपलं मैदान म्हणजे नुसती वळणं आणि चढ. तिथे किंचाळणारं इंजिन नको, खालून रेटणारं हवं. माझी हिल्डाआत्या अशीच होती. खुर्चीतून उठायला वेळ लावायची, पण एकदा उठली की तिला कुणी अडवू शकत नसे."

झालं, इंजिनाचं नाव हिल्डाआत्या पडलं. तिचे लाड बघून अल्बर्टची बायको एडना म्हणायची, "माझ्या तापात यांनी एवढ्या वेळा कपाळाला हात लावला नसेल." ठिणगी नेमकी कधी पडते हे बघायला तो ठिणगीच्या दोन टोकांमध्ये सिगरेटचा पातळ कागद अडकवून चिमटीत धरून बसे, टोकं उघडून कागद सुटला तो क्षण खरा. सिलिंडरखाली पत्र्याची चकती घाल, काढ, परत घाल. मैदानावर एक फेरी मारून प्लग काढायचा आणि त्याचा रंग बघायचा. काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढरा असेल तर कमी, आणि बिस्किटाच्या रंगाचा आला की अल्बर्ट आख्खा दिवस शीळ घालत हिंडे.

हे सगळं एका वहीत लिहिलेलं असे. दर मार्चच्या पहिल्या रविवारी तो वही उघडी, तोंड भिंतीकडे करी आणि विचारी, "वजन?"

बाईला काट्यावर उभं करणं त्याच्या आईने त्याला शिकवलं नव्हतं. मी म्हणे, "नऊ स्टोन." नऊ स्टोन म्हणजे सत्तावन्न किलो. त्यावरून तो गणित मांडून मागच्या चाकाच्या स्प्रॉकेटला, म्हणजे साखळीच्या दातेरी चकतीला, किती दात हवेत ते ठरवी. ओझं जास्त तर दात जास्त; दात वाढले की चढावर जोर येतो, पण सरळ पट्ट्यात वेग जातो.

पहिल्या वर्षी माझं वजन खरंच नऊ स्टोन होतं. देवाशपथ! मग मी बेकरी घेतली.

बेकरीनंतर सहा वर्षं आम्ही ऑगस्टमधल्या सुट्टीच्या सोमवारच्या शर्यतीत दुसरे आलो. पहिला दर वर्षी पर्सी लम, एडनाचा सख्खा भाऊ. मेहुण्याकडून हरण्यासारखं दुःख नाही, कारण तो दर रविवारी जेवायलाही येतो. वर अल्बर्टची वही चहाच्या तंबूत टेबलावर उघडी पडलेली असायची आणि पर्सी साखर घ्यायच्या निमित्ताने मान लांब करून ती वाचायचा. आख्ख्या थ्रॉपडेलला हे माहीत होतं.

अल्बर्टने वजन कमी करायचा ध्यासच घेतला. हँडलला भोकं पाडून दोनशे ग्रॅम वाचवले. गाडीचा रंग खरवडला. शर्यतीआधी स्वतःची कवळी काढून एडनाच्या पर्समध्ये ठेवायला लागला. एडनाच्या हातचं जॅमचं पुडिंग त्याचा जीव की प्राण, तेही सोडलं. त्याने वाचवलेले दोनशे ग्रॅम मी मंगळवार दुपारपर्यंत कस्टर्ड टार्टमधून भरून काढत होते आणि हसत होते. हसू पुरलं नाही.

सातव्या वर्षी, शर्यतीच्या आदल्या शनिवारी, मी टार्ट घेऊन त्याच्या गॅरेजात गेले. हा गडी हिल्डाआत्याचे नट सोडत होता. डोळे लाल.

"काय चाललंय?"

"म्हातारी थकली, मेव्हिस. मी सगळं केलं, पण चढावर तिचा जीव जातो. पर्सी उद्या त्याच्याकडचं एक जास्तीचं, जोरात फिरणारं इंजिन आणतोय. ही तो घेऊन जाईल."

"पर्सी हिचं काय करणार?"

"म्हणाला, बागेत ठेवीन. फुलझाडं लावायला."

सहा वर्षांचे सगळे टार्ट एकदम पोटात दगडासारखे झाले. इतकी शरम मला जन्मात वाटली नव्हती.

"अल्बर्ट, तो नट सोडू नकोस. आधी माझं ऐक."

"ऐकतोय. कान काही पान्यात अडकलेले नाहीत."

"माझं वजन नऊ स्टोन नाहीये."

"साडेनऊ?"

"वर चढ."

"दहा?"

"अरे, चढ की! जिना आहे समज."

"अकरा?" त्याचा आवाज चिरकला.

"साडेअकरा. सकाळी, रिकाम्या पोटी."

त्याने पाना खाली ठेवला. तोंड भिंतीकडे केलं.

"मी सहा वर्षं पुडिंग खाल्लं नाही," तो म्हणाला.

"माहीत आहे रे."

"हँडलला भोकं पाडली. त्या भोकांपायी हँडल मोडून मी गाईच्या गोठ्यात घुसलो."

"माहीत आहे. मीही होते ना सोबत!"

मग त्याने वही ओढली, पेन्सिल ओली केली आणि आकडे मांडायला लागला. मांडता मांडता थांबला. "म्हणजे ही थकलेली नाही?"

"नाही."

"सोळा किलो जास्तीचं ओढत होती, चुकीच्या दातांवर, आणि तरी दुसरी येत होती?"

"हो."

तो उठला, हिल्डाआत्याच्या सिलिंडरवर हात ठेवला आणि म्हणाला, "माफ कर गं." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

रविवारी पर्सी ढकलगाडीत ते इंजिन घालून आला. अल्बर्ट दारातच उभा.

"ने परत."

"अरे, पण ठरलंय आपलं! ताई, सांग की याला."

"ताईला मधे घालू नकोस. उद्या मी हरलो तर हिल्डाआत्या फुकट घेऊन जा. तुझं इंजिनही नको मला."

एडनाने आतून भांडं आपटलं. आता मामला थेट माझ्या बुडावर आला होता.

सोमवारी मागच्या स्प्रॉकेटला दोन दात जास्त होते, बाकी काही नाही. अल्बर्टने कवळी तोंडातच ठेवली होती. पहिल्या फेरीत पर्सी पुढे. दुसऱ्यातही. सरळ पट्ट्यात तो लांब जायचा आणि चढावर हिल्डाआत्या त्याला गाठायची. मी मुठीला लोंबकळत मोठ्याने ओरडत होते, "ऊठ आत्ये, ऊठ!" शेवटच्या फेरीत मेंढवाड्याजवळच्या डाव्या वळणावर मी सगळे साडेअकरा स्टोन बाहेर झोकून दिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यातला एकही लपवला नाही. गाडी चिकटून वळली, अल्बर्टने मूठ पूर्ण पिळली, आणि आत्या उठली. पर्सीच्या पुढे आम्ही जेमतेम एक चाक होतो. तेवढं पुरलं.

तंबूत एडनाने अल्बर्टपुढे पुडिंगचं भांडं ठेवलं. तो एका हाताने खात होता, दुसऱ्याने वहीत लिहीत होता. मी समोरून उलटं वाचलं. स्प्रॉकेट: दोन दात जास्त. कारण: वारा. वजन: नऊ स्टोन.

"अरे, पण..." मी म्हणाले.

"वही सगळे वाचतात, पोरी," तो पुटपुटला आणि पुडिंग ओढून घेतलं. मला रडू आलं, ते मी एरंडेलाच्या धुरावर ढकललं.

पर्सी तेव्हा साखर घेत होता. पुढच्या शर्यतीत त्यानेही दोन दात वाढवले, आणि त्याच्या काटकुळ्या जोडीदाराला घेऊन त्याचं इंजिन सरळ पट्ट्यात जागच्या जागी बोंबलत राहिलं. तो अजून वाऱ्याला शिव्या देतो.

मार्चच्या पहिल्या रविवारी अल्बर्टने वही उघडली आणि तोंड भिंतीकडे केलं.

"वजन?"

"बारा," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं.

"नऊ," तो मोठ्याने म्हणत लिहू लागला. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच उठला आणि खिळ्यावरून मोठं स्प्रॉकेट काढून घेतलं.