निलगिरीचे धुमारे

लक्ष्मीप्रियाबाई तंजावूरच्या एका शाळेत गणित शिकवीत. त्यांच्या नवऱ्याची, भरद्वाजरावांची, वडिलार्जित जमीन ओरत्तनाडूच्या पुढे होती, गावच्या येरीला लागून. येरी म्हणजे गावतळं. त्या जमिनीत भरद्वाजरावांनी निलगिरी लावली. झाडं फोफावली आणि तळं आटत गेलं. कालव्यातून पाणी आणणारी चारीही गाळानं बुजली होती, पण काठाखालचा ओलावा झाडं शोषून घेतात, असं गाव म्हणे. भरद्वाजराव ते हसण्यावारी नेत.

एका दुपारी त्याच झाडांत ते छातीला हात लावून खाली बसले आणि उठले नाहीत.

बाईंनी सगळे विधी नीट केले आणि पुन्हा शाळेत जाऊ लागल्या. रडल्या नाहीत. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या नातलगांनी आधी त्यांच्या धीराचं कौतुक केलं, पुढे कुजबुज केली. रडू येईल म्हणून बाईही काही महिने वाट पाहत होत्या. मग तेही सोडून दिलं. जेवताना भाजीला मीठ नाही हे त्यांना कळायचं नाही.

वर्षानं लावण्या भेटायला आली. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची आणि गावकऱ्यांबरोबर तळं पूर्ववत करायच्या खटपटीत होती. झाडं काढायला तुमची परवानगी हवी, असं तिनं चाचरत सांगितलं. बाई लगेच हो म्हणाल्या. समजावून सांगायला तिनं बरंच जुळवून आणलं होतं, ते तसंच राहिलं.

संध्याकाळी धाकटे दीर साईराम आले.

"वैनी, दादाच्या हातची झाडं ती. तुम्हाला काहीच वाटत नाही?"

"नाही वाटत," बाई म्हणाल्या. "वाटलं असतं तर बरं झालं असतं."

साईराम कॉफी न घेता गेले.

झाडं पडली तेव्हा बाई काठावर उभ्या होत्या. हवेत तेलाचा उग्र वास भरला. लोक त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी पदर नाकाला लावला, एवढंच.

पुढे घाई झाली. यंत्र लावून तळं खोल केलं, त्यात तळाचा चिकणमातीचा थर खरवडला गेला. पावसाळ्यात भरलेलं पाणी जानेवारीतल्या पोंगलच्या सणाआधीच जिरून गेलं. लावण्यानं गावापुढे चूक कबूल केली. मग चिकणमाती आणून पसरली, म्हशी फिरवून ती तुडवली आणि चारी मोकळी केली. काठाला मुद्दाम काही लावायचं नाही, असं ठरलं. कडेच्या जुन्या गाळात पाणवनस्पतींचं बी पडून असतं; त्याला पाणी द्यायचं आणि थांबायचं.

निलगिरी मात्र थांबत नव्हती. प्रत्येक खुंटातून लालसर धुमारे फुटत. ते सतत मोडले नाहीत तर झाडं पुन्हा उभी राहणार. ते काम बाईंनी मागून घेतलं. दर रविवारी त्या बसनं जात आणि खुंटामागून खुंट धुमारे मोडत. हाताला वास राही. साबणानं जात नसे.

एक खुंट त्या टाळत. भरद्वाजराव बसले ते झाड. तिथला धुमारा वाढून बाईंच्या खांद्याला लागला. लावण्यानं ते पाहिलं आणि ती पुढच्या खुंटाकडे वळली. पुढच्या खेपेला बाईंनी कोयता आणला. फांदी चिवट होती, दोन्ही हातांनी ओढावी लागली. मग त्या बांधावर बसून राहिल्या. आता तरी काही होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही.

पुढच्या पावसात पाणी टिकलं. कडेनं लव्हाळे आले, मग कुमुदाची पानं, कुणी न लावलेली. जांभळ्या पाणकोंबड्या आल्या. गावानं पोंगल तळ्याच्या बांधावर मांडला. साईराम आले होते. त्यांनी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं.

"बरं झालंय, वैनी," ते म्हणाले. "तुम्हाला कसं वाटतंय?"

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "पाणी आहे, ते दिसतंय."

साईरामनी या वेळी राग धरला नाही. द्रोणातला गोड पोंगलभात त्यांनी वैनींच्या हातात दिला. बाईंनी तो सगळा खाल्ला.

शेजारच्या गावातही एका तळ्याकाठी निलगिरी तोडली आहे आणि खुंट फुटताहेत, असं कुणीतरी म्हणालं. बाईंनी तिथं जायची बस कुठली ते विचारून घेतलं.