बांधाबांधानं बोट

आमचे आबा आणि त्यांची मोठी बहीण, म्हणजे माझी आत्या, अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आबा एकोणऐंशीचे, आत्या ब्याऐंशीची. भांडण शेताच्या बांधावरून होतं आणि तो बांध, दोन्ही बाजूंच्या शेतांसकट, पवनेच्या धरणात बुडून पन्नास वर्षं उलटून गेली होती. आत्याला शेजारच्याच शेतात दिली होती. तिच्या यजमानांनी दोन शेतांमधला बांध आमच्या बाजूला हातभर सरकवला, असं आबांचं म्हणणं. हे म्हणणं त्यांनी एका लग्नाच्या पंगतीत, जिलेबीची दुसरी फेरी चालू असताना, खणखणीत आवाजात मांडलं. यजमानांना जाऊन तेव्हा वर्षसुद्धा झालं नव्हतं. "मेल्या माणसाला चोर म्हणतूस व्हय रं?" म्हणत आत्या ताटावरून उठली, ती उठलीच.

जिथे मासे सोडून कुणी जात नाही त्या जागेवरून दोन म्हातारी माणसं भांडतात, याला लोक हसायचे. मीही हसायचे. पण दर भाऊबीजेला आबा पहाटे उठून अंघोळ करायचे, धुतलेला सदरा घालायचे आणि दुपारपर्यंत ओटीवर बसून राहायचे. मग "पोटात दुखतंय" म्हणून न जेवता झोपायचे. अकरा भाऊबिजा असं पोट दुखलेलं मी पाहिलंय. आई गेल्यावर ते धरणाजवळ औंढ्याला माझ्याकडेच राहायला आले, त्यामुळे माझी सुटका नव्हती. मला भीती एकाच गोष्टीची वाटायची, की यांच्यातलं एक जण असंच निघून जाईल आणि दुसऱ्याला मोकळेपणानं रडतासुद्धा येणार नाही.

माझा नवरा मळवलीत बंगले सांभाळतो. दसरा झाल्यावर एक दिवस तो म्हणाला, "एका गेस्टनी धरणावर अख्ख्या दिवसाची प्रायव्हेट बोट सांगितली होती. पण त्यांच्या कुत्र्याला जुलाब लागले, गेले सगळे मुंबईला. बोटवाला ओळखीचा आहे. म्हणतो, बोट सजवून ठेवलीय, तुम्हीच या घरची माणसं घेऊन."

माझ्या डोक्यात तिथल्या तिथे शिजलं. आबांना सांगितलं, आपण तिघंच जायचं. आत्याला फोन करून सांगितलं, आबांना कणकण आहे, ते येणार नाहीत, तू ये.

"पाण्यात उड्या मारतील दोघं," नवरा म्हणाला.

"दोघांनाही पोहता येत नाही," मी म्हणाले. "म्हणून तर बोट."

ठरल्याप्रमाणे नवऱ्यानं आत्याला आधी नेऊन बोटीत बसवलं. मी मागून आबांना घेऊन गेले. आबांचा एक पाय बोटीत पडला आणि समोर बहीण दिसली. त्यांनी पाय मागे घ्यायच्या आत बोटवाल्यानं त्यांना आत ओढलं, काठाला रेटा दिला आणि बोट सुटली. आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा लाइफ जॅकेटचे पट्टे आवळण्यात गुंग झाला होता, स्वतःचेच.

बोट 'सजवून ठेवलीय' म्हणजे काय ते आता कळलं. छताला लाल बदामाचे फुगे. फुग्यांच्या मध्ये सोनेरी अक्षरांत 'हॅपी अ‍ॅनिव्हर्सरी'. बाकावर गुलाबाच्या पाकळ्या. त्या पाकळ्यांवर, मध्ये जेमतेम दोन हात अंतर ठेवून, नारिंगी जॅकेटं घातलेले आमचे दोन वैरी.

बोटवाला चाळिशीचा, हौशी माणूस. त्यानं आपला नेहमीचा कार्यक्रम सुरू केला. चौघांच्या हातात निळ्या रंगाच्या सरबताचा एकेक ग्लास दिला, स्पीकर चालू केला आणि माइक तोंडाशी धरून म्हणाला, "आपल्या आजीआजोबांना लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! जोडा असाच राहू द्या!"

आवाज या काठावरून त्या काठापर्यंत गेला. पलीकडच्या तंबूंसमोर बसलेल्या पर्यटकांनी टाळ्या वाजवल्या.

"मुडद्या," आत्या कडाडली, "भाऊ हाय त्यो माजा!"

अकरा वर्षांत तिनं आबांना पहिल्यांदा भाऊ म्हटलं होतं. आबांनी ते ऐकलं, पण ऐकल्याचं दाखवलं नाही. घाईनं सरबताचा घोट घेतला आणि त्यांची जीभ निळी झाली.

पुढचा तासभर माझा पोस्टमन झाला. बोट जेमतेम आठ माणसांची, तरी आबा मान वळवून मला सांगायचे, "तिला सांग, पदर पाण्यात चाललाय." मी आत्याला सांगायचे. आत्या म्हणायची, "त्याला सांग, पदर माजा हाय." मी आबांना सांगायचे. बोटवाल्यानं जरा वेळ पाहिलं आणि नवऱ्याला हळूच विचारलं, "दोगांनाबी कमी ऐकू येतं का?"

मग बोटवाला एकेक ठिकाण दाखवू लागला. रोज मुंबईच्या लोकांना सांगून सांगून त्याच्या तोंडात हिंदीच बसलेली. "ये देखिए, यहाँ का सबसे मशहूर सनसेट पॉइंट. यहाँ कपल लोग आते हैं."

"हितं मेलेली ढोरं टाकायचे," आबा म्हणाले.

बोटवाला दचकला. पण गडी हुशार, तसंच पुढे रेटलं. "और वो उधर सफेद बंगला, बहुत बडे हीरो का है."

"त्यो आमच्या तलाठ्याच्या जावयाचा हाय," आत्या म्हणाली. यावर आबांची मान नकळत हलली. तलाठ्याबद्दल दोघांचं एकमत असावं.

दिवस खरंच सुरेख होता. काठाच्या खाचरांत भात लोंब्यांवर आलं होतं, वाऱ्यावर सगळं शिवार एका बाजूला झुकायचं आणि परत उभं राहायचं. समोर तुंग, मागे तिकोना, मध्ये निळं पाणी. मी आयुष्यभर या धरणाच्या उशाशी राहिले, पण पाण्यात बसून डोंगर कधी पाहिले नव्हते. मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं पाचेक मिनिटं टिकलं.

कारण बोट मधल्या पाण्याकडे वळली आणि आबा ताडकन उभे राहिले. "आरं आरं आरं! कुटनं घेतूस? लोकाच्या भातातनं घालतूस का काय!"

बोटवाल्यानं घाबरून वेग कमी केला. "कसलं भात, आबा? पाणी हाय सगळं."

"आता पाणी हाय. खाली काय हाय ते मला ठावं. सरळ जाऊ नगं. डाव्या अंगाला घे, बांध हाय तितं. बांधानं चल."

"आबा, खाली काय लय खोल हाय. बोट कुटं लागत न्हाई कशाला."

"लागत न्हाई म्हून काय दुसऱ्याच्या शेतातनं जायचं?"

मी मध्ये पडणार एवढ्यात आत्या बोटवाल्याला म्हणाली, "बरूबर हाय त्याचं. बांधानं घे बाबा. त्या शेताचा म्हातारा लय खवीस व्हता."

तो म्हातारा जाऊनही चाळीस वर्षं झाली असतील. पण आमची बोट बांधानं निघाली. म्हणजे कशी, तर सरळ गेली, मग काटकोनात वळली, परत सरळ, परत काटकोनात. आबा हातानं दिशा दाखवत होते, आत्या वळणं सांगत होती आणि बोटवाला घामाघूम होऊन सुकाणू फिरवत होता. शेजारून पर्यटकांची एक बोट गेली. बदामाचे फुगे लावलेली बोट मोकळ्या पाण्यात चौकोन काढत चाललेली पाहून त्यांनी फोन काढले. कुणाच्या तरी फोनमध्ये तो व्हिडिओ आजही असेल.

शेवटी आबा म्हणाले, "हां. थांबव." त्यांनी एक डोळा मिटला. तिकोन्याचं टोक आणि खालच्या टेकडीवरचं देऊळ एका रेघेत आलं होतं. "ह्यो आपला बांध."

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. एकदम शांत झालं. मी आबांकडे पाहिलं, ते खाली पाण्यात पाहत होते. आत्याही पाहत होती. मला वाटलं, आता होईल काहीतरी. डोळ्यांना पाणीबिणी येईल, मी दोघांचे हात एकमेकांच्या हातात देईन.

आत्या मला म्हणाली, "त्याला सांग, बांध हितं न्हाई. पलीकडं हाय, हातभर."

"तिला सांग," आबा म्हणाले, "पलीकडं जो हाय त्यो तिच्या मालकानं सरकवलेला. खरा बांध ह्यो."

"त्याला सांग, तोंड सांभाळून बोल."

"तिला सांग..."

इथे माझ्या पोटातल्या निळ्या सरबतानं बंड केलं. वळणांवर वळणं घेऊन ते आधीच गळ्याशी आलं होतं, त्यात बोट जागच्या जागी डुलत होती. मी तोंडावर पदर धरला आणि कठड्यावर ओणवी झाले. नवरा माझी पाठ चोळायला आला. माझ्यातला पोस्टमन ऐन कामाच्या वेळी आडवा झाला होता.

मागून आबांचा आवाज आला, "व्हय गं आक्के, त्यानं बांध कोरला न्हाई म्हणतीस?"

मी ओकारी गिळली. आक्के! मान वळवायची मला हिंमत होईना.

"त्यानं न्हाई कोरला," आत्या म्हणाली.

"मग काय बांध आपल्या पायानं चालत आला?"

"मी कोरला."

"तू?"

"मी. तुजा मेव्हणा फावडं धरायचा तरी का? मला माहेराला यायचं आसायचं. सासू गावातल्या वाटनं जाऊ द्यायची न्हाई. बांध ह्यो एवढासा, त्याच्यावरनं डोईवर पाटी घिऊन येत व्हते तर दोनदा चिखलात पडले. मग रोज भांगलायला गेलं की चार फावडी माती टाकायची बांधावर. रुंद केला, चालण्यापुरता."

"पर माती आमच्याच बाजूची का घेतलीस?"

"मग काय सासूच्या शेतातली घिऊ? जीव घेतला आसता तिनं माजा. तुमचं शेत आपलंच व्हतं ना."

एक बदामाचा फुगा उन्हानं फट्‌कन फुटला आणि सगळे दचकले.

"आगं पर मग सांगायचं ना तवाच, पंगतीत," आबा चिडून म्हणाले. त्यांचा आवाज मात्र चिडल्यासारखा नव्हता.

"कशाला सांगू? तू मेलेल्याला चोर म्हणलास चारचौघांत. मला वाटलं, येशील सकाळी भांडायला. येशील, मग सांगीन. चा करून ठिवला व्हता." आत्याचा आवाज फाटला. "अकरा वर्सं झाली. भांडायला तरी यायचं व्हतंस रं!"

मला रडू आलं. ओणवी असल्यामुळे ते सरबतावर खपून गेलं. नवऱ्यानं पाठ चोळणं थांबवलं होतं. तो बोटीच्या टोकाकडे तोंड करून नाक ओढत होता.

क्षमा वगैरे मागणं आबांच्या पिढीत कुणी शिकवलेलंच नाही. आत्यानं पिशवीतून फडकं काढलं, तांदळाच्या भाकऱ्या काढल्या, सुकटीची चटणी काढली. एक भाकरी मोडून आबांपुढे धरली. आबांनी घेतली. पहिला घास खाऊन म्हणाले, "चटणीत मीठ जास्त हाय."

"मग टाक पाण्यात," आत्या म्हणाली.

टाकली नाही. तीन भाकऱ्या खाल्ल्या. परतीच्या वाटेवर दोघांनी मिळून बोटवाल्याला पुन्हा सगळे काटकोन घ्यायला लावले. मधून कुणाचा बैल कुठे बसायचा, कुणाची म्हैस कुणाच्या हरभऱ्यात शिरायची, यावरून त्यांचे तीनदा खटके उडाले. मी कडेला निपचित पडून ऐकत होते. त्यातला एकही निरोप मला पोचवायला लागला नाही.

काठावर उतरल्यावर आत्या स्कूटरवर नवऱ्याच्या मागे बसली. तिची पाठ फिरली तरी आबा तिथेच उभे राहून स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिले.

रविवारी सकाळी सात वाजता आबा अंघोळ करून तयार होते. इस्त्रीचा सदरा, नवी टोपी, हातात पिशवी. पिशवीत चहापावडरीचा पुडा आणि साखर.

"कुठे चाललात एवढ्या सकाळी?" मी विचारलं.

"आक्काकडं. भांडायला."

"आता कशावरून?"

आबांनी पायात चपला सरकवल्या आणि दार उघडलं. "बगू," ते म्हणाले, "तितं गेल्यावर."